रुखवतातले जगदाळे

मयूर विहार, दिल्ली
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

ती. सौ. अक्का हिस,

विलासचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिला खरा, पण सध्या माझी मान वळत नाही, कंबर वाकत नाही आणि उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून नुकतीच सुटली आहेत. तेव्हा जेवढी अंगं शिल्लक आहेत तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इथे सगळ्या दिल्लीलाच खोकला आहे, त्यामुळे आजारी कोण आणि घसा साफ करून बोलायला उभं राहिलंय कोण, ते कळत नाही. मिरजेत निदान रस्त्यापलीकडचा माणूस दिसतो, या सुखाची तुम्हाला किंमत नाही. आता तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला? अक्का, तू फोन स्पीकरवर ठेवतेस. शेजारच्या दोघी ऐकतात, दाजी मधूनच उत्तरं देतात, आणि मागच्या खेपेला तर मी कुकरच्या शिट्टीलाही "हो, हो" म्हटलं. हे प्रकरण चारचौघांत बोलण्यासारखं नाही. चष्मा लाव, दार लोटून घे आणि वाच.

आमच्या स्वरूपाचं लग्न ठरवण्यात तूच पुढे होतीस, तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्या पापात तुझाही वाटा आहे. मुलगा सोन्यासारखा, त्याबद्दल तक्रार नाही. सुधन्वा मानेसरला एका कारखान्यात मोटारींच्या पुढच्या दिव्यांचं डिझाइन करतो. (हे नीट लक्षात ठेव. माझ्या दुर्दशेचं मूळ तिथे आहे.) त्याच्या आई, चंद्रप्रभाताई, ग्वाल्हेरच्या. सात पिढ्या महाराष्ट्राबाहेर काढल्या, पण रीतभात आपल्याला शिकवतील. बोलणी झाली त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या हसून म्हणाल्या, "बाकी काही नको हं, रुखवत मात्र मुलीच्या घरी हातानं केलेलं असू दे. हमारे यहाँ सगळे बघायला येतात." विहीण हसत हसत बोलते ते मंत्रालयाच्या परिपत्रकासारखं असतं. वर विनंती लिहिलेली असते, आत हुकूम असतो.

आता रुखवत म्हटलं की आपल्या घराण्यात ते खातं तुझं. तुझा सुपारीचा भटजी, खारकांची वरात, लोकरीचं वृंदावन, आणि ती सुपारीची नवरानवरी, जिच्यापुढे तुझ्या बेबीच्या लग्नात खऱ्या नवरानवरीकडे कोणी बघेना. तू पाठवते म्हणालीस, तुझी भावजय अरुणा लगेच हो म्हणणार होती, आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण कन्यारत्न म्हणालं, "आत्याचं रुखवत मस्तच असतं यार, पण सुधन्वाच्या आवडीचं काहीतरी हवं ना, बिल्कुल वेगळं." सुधन्वाच्या आवडीचं म्हणजे एक परदेशी महापराक्रमी इसम. तो उडतो, इमारती उचलतो, छातीत आणि डोळ्यांत त्याच्या दिवे लागतात, आणि कपडे असे घालतो की अरुणाने पहिल्यांदा चित्र पाहून नजर दुसरीकडे वळवली. याची हातभर उंच प्लॅस्टिकची मूर्ती सुट्या भागांत मिळते. ती जोडायची, रंगवायची, आत दिवे बसवायचे आणि रुखवताच्या टेबलावर मधोमध उभी करायची, अशी योजना. करायची कोणी? स्वरूपा सकाळी नोएडाला जाते ती रात्रीच्या जेवणालाच उगवते. अरुणापुढे लाडू, करंज्या आणि मानपान. उरलं कोण? "बाबा, तुम्ही तर आता फ्रीच असता ना." निवृत्त माणसाला फ्री म्हणणाऱ्याला शिक्षा करणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही, मी शोधून पाहिलं.

या इसमाचं इंग्रजी नाव मला पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. ते डोक्यात राहत नाही. ऑफिसात आमच्या सेक्शनला एक जगदाळे होते. असेच खांदे, अशीच हनुवटी, आणि असाच एक हात कमरेवर ठेवून काम करणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहायचे. त्यामुळे मी याला जगदाळे म्हणू लागलो, आणि आता घरात सगळेच म्हणतात. कामवाली सुद्धा परवा विचारत होती, "साहब, जगदाळेजी के नीचे पोंछा लगाऊँ?"

पेटी आली. उघडली, तर आत जगदाळे नव्हतेच. होत्या नुसत्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, आणि त्या जाळ्यांना चिकटलेले जगदाळ्यांचे अवयव. अक्का, या कंपनीने माणसाचं काय करून ठेवलं आहे! पोटरी वेगळी, मांडी वेगळी, कान वेगळे, आणि मांडीचे पुन्हा पुढची-मागची असे दोन तुकडे. एकेक भाग जाळीतून कापायचा, त्याच्या कडेला राहिलेलं बोंड पॉलिश पेपरने घासायचं, मग पातळ सिमेंट लावून जोडायचा. ते सिमेंट बाटलीत पाण्यासारखं असतं आणि बोटांना लागलं की दगड होतं. माहितीपुस्तिका जपानी भाषेत, सोबत बारीक चित्रं. मी ती रीतसर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि मगच कामाला हात घातला. जगदाळ्यांची अनामिका डाइनिंग टेबलाखाली हरवली. आम्ही सगळे रांगत होतो. ती अखेर पोह्यांत सापडली. (माझ्या नव्हे, अरुणाच्या. त्या दिवसापासून डाइनिंग टेबल बंद, मी बाल्कनीत.)

जगदाळे जोडून उभे राहिले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मी अरुणाला मोठ्या उत्साहाने हाक मारली. तिने पदराला हात पुसत पाहिलं आणि दोन हरकती नोंदवल्या. पहिली, शुभकार्यात अंगभर काळे कपडे घातलेला माणूस टेबलावर चालणार नाही. मी म्हटलं, मंगळसूत्राचे मणी काळेच असतात. ती म्हणाली, मण्यांची गोष्ट वेगळी, आणि तुम्हाला कधीपासून कळायला लागलं? दुसरी हरकत अशी की याने मूठ उगारली आहे. टेबलापलीकडे उभे राहणार व्याही, विहीण, ग्वाल्हेरचे मामा. त्यांच्यावर मुलीच्या घरचा माणूस मूठ उगारून उभा? अक्का, ही हरकत बिनतोड होती. मी केस वाळवायचं यंत्र घेऊन त्याचा हात गरम केला आणि हळूहळू खाली वाकवू लागलो. तो आधी रिक्षा थांबवल्यासारखा दिसू लागला, मग भीक मागितल्यासारखा, आणि शेवटी खांद्यातून निखळलाच. पुन्हा जोडला. मूठ काही उघडेना, तेव्हा अरुणाने स्वरूपाच्या भातुकलीतली चांदीची गुलाबदाणी आणून त्या मुठीत खोचली. त्यामुळे आता जगदाळे जगाचं रक्षण करायचं सोडून वरपक्षावर गुलाबपाणी शिंपडत उभे आहेत. काळ्याच्या जागी मोरपंखी रंग दिला. बाल्कनीत वाळत ठेवले, तर दिल्लीची हवा ओल्या रंगावर बसली आणि सकाळी जगदाळ्यांना अंगभर लव आली होती. घासून पुन्हा रंगवले. पुन्हा लव. तिसऱ्यांदा मी त्यांना कपड्यांच्या कपाटात ठेवलं, तर माझ्या लग्नातल्या कोटाची बाही मोरपंखी झाली.

असो. एवढं करून मूर्ती पुरी झाली, आणि मग मी दिव्यांची पेटी उघडली. आता इथे तू मला मूर्ख म्हणशील. दिवे वेगळ्या पेटीत आले होते, त्यांची वेगळी पुस्तिका होती. सदतीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाने काय करावं? एका सेक्शनचं काम पुरं होऊन फाइल बंद होईपर्यंत दुसऱ्या सेक्शनचा कागद उघडायचा नाही, हेच आम्हाला शिकवलेलं. म्हणून शिस्त पाळून मी तो उघडलाच नाही. उघडला तेव्हा पहिल्याच चित्रात दोन अर्धी धडं होती, मधून तारा जात होत्या, आणि खाली चक्क इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की धड जोडण्यापूर्वी तारा आत घालाव्यात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. माझे जगदाळे पायापासून टाळूपर्यंत सिमेंटने बंद, घासलेले, रंगवलेले. आत मुंगी शिरायला वाट नाही.

वरच्या मजल्यावरचे राजाभाऊ तुला आठवत असतील, मागे तू आली होतीस तेव्हा गच्चीवरच्या टाकीबद्दल तुला समजावून सांगत होते. संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात आयुष्य गेलं, पण यंत्राबद्दल त्यांना सगळं येतं असं त्यांना वाटतं. ते ड्रिल घेऊन आले. गोष्टीतल्या उंटावरच्या शहाण्याने वासराचं डोकं मडक्यातून काढायला वासराची मान कापायला सांगितली होती. राजाभाऊ गोष्टीपर्यंत थांबले नाहीत, त्यांनी प्रत्यक्ष मान कापली. मग पाठीला भोक पाडलं. ते तारेपुरतं हवं होतं, झालं पेढ्याएवढं. "पीछे से कौन देखता है यार," असं म्हणून चहा पिऊन ते गेले. ग्वाल्हेरचे मामा टेबलाला प्रदक्षिणा घालून बघतात असं स्वरूपाने सांगितलं, तेव्हा त्या भोकावर मी पाठीमागून एक छोटा झगा लावून दिला. अरुणाच्या जुन्या पैठणीचा तुकडा आहे. जगदाळे आता मागून बरेच घरंदाज दिसतात.

आता दिवे. डोळ्यांत दोन, छातीत एक. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात जाऊन जास्तीचे दिवे आणले, कारण पेटीतले राजाभाऊंनी तपासताना जाळले. दुकानदाराने विचारलं, "अंकल, बच्चे का स्कूल प्रोजेक्ट है?" मी ताठ मानेने सांगितलं, बेटी की शादी है. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी घाईघाईत मिळाले ते घेऊन निघालो. ते निघाले रंग बदलणारे. जगदाळ्यांचे डोळे एकदा लाल, एकदा निळे, पोलिसांच्या गाडीसारखे मिचकू लागले. पुन्हा बाजार. साधे पांढरे आणले, तर प्लॅस्टिक पातळ, त्यामुळे डोळे राहिले बाजूला आणि आख्खं डोकं आतून उजळलं. नाक तर असं गुलाबी पेटलं की अरुणा म्हणाली, "यांना सर्दी झाली आहे का?" पुन्हा मान काढली, डोक्याला आतून चांदीचा कागद चिकटवला. मग उजेड डोळ्यांतून बरोबर यायला लागला, तर छाती बंद. छाती लावली तर डोळे बंद. उजवा डोळा तर मनात येईल तेव्हा लागतो. रोज संध्याकाळी एक सैल जोड सापडतो, तो नीट करावा तर घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं.

आणि या सगळ्यात स्वरूपा! आता तिला वेळ मिळतो. ऑफिसातून आली की पर्स टाकते, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसते आणि मला शिकवते. हातात टॉर्च धरते ती नेमकी माझ्या डोळ्यांवर. तार धर म्हटलं की धरते आणि ऑफिसातल्या कुणाची तरी गोष्ट सांगायला लागते, गोष्टीच्या भरात हात हलतो, तार सुटते. गुलाबदाणीला ती "स्प्रे बॉटल" म्हणते, पोटरीला पोटरी म्हणतात हे तिला माहीतच नव्हतं, "बाबा, ते पायाचं मागचं" असं म्हणते. मग मी तिला शरीराच्या सगळ्या भागांची मराठी नावं जगदाळ्यांवर बोट ठेवून शिकवतो. घोटा, नडगी, पोटरी, बरगडी. दुसऱ्या दिवशी ती अर्धी विसरलेली असते. जेवण गार होतं, अरुणा आतून हाका मारून दमते, आणि जगदाळे जसे होते तसे अंधारात.

सुधन्वाने दोनदा फोन करून विचारलं, "बाबा, मी येऊन बघू का? पाच मिनिटांचं काम असेल." असेलच. त्याच्या दिव्यांनी रात्रीच्या महामार्गावर मोटारी धावतात. पण नवऱ्या मुलासाठी मांडायच्या रुखवताला नवऱ्या मुलानेच हात लावायचा, आणि मग चंद्रप्रभाताईंनी ते हसत हसत सगळ्या ग्वाल्हेरात सांगायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मी त्याला गोड शब्दांत सांगितलं की काम प्रगतिपथावर आहे. (सरकारात याचा अर्थ काय होतो, ते त्या पोराला ठाऊक नाही.)

तर अक्का, असा मी जगदाळ्यांच्या पायी हैराण झालो आहे. पाठ मोडली, कोट गेला, नखांतला मोरपंखी रंग जात नाही, परवा सोसायटीच्या सभेत हात वर केला तर सगळे बोटांकडे बघत राहिले. लग्न मार्गशीर्षात, दिवस भराभर चालले आहेत. तुम्ही दोघं चार दिवस आधी या, दाजींना गरम कपडे भरपूर घ्यायला सांग. तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, इथली चटणी म्हणजे नुसतं कूट. दाजींना नमस्कार, बेबीला आणि तिच्या मंडळींना आशीर्वाद. थोरली आहेस, रागावलीस तरी चालेल, पण पत्राला उत्तर दे.

तुझा धाकटा भाऊ,
विलास

ता. क. – स्वरूपा एक-दोन दिवसांत तुला फोन करील. जगदाळे पेटत नाहीत म्हणून तिचा धीर सुटला आहे. तुझी सुपारीची नवरानवरी पाठव म्हणेल, म्हणजे हे जमलं नाही तर ते तरी टेबलावर मांडता येईल. खरं तर हे पत्र मी त्याचसाठी लिहायला बसलो. तिला नाही म्हण. डोळ्यांचं कारण सांग, सुपाऱ्या चांगल्या मिळत नाहीत म्हण, दाजींच्या खोकल्यावर ढकल. काहीही सांग, पण पाठवू नकोस आणि पाठवते असं म्हणूही नकोस.

ता. क. आणखी – का, ते तू विचारणारच. अक्का, जगदाळे दिवाळीच्या आधीच पेटले. त्या दुपारी मी घरात एकटा होतो. एक तार उलटी लागली होती, ती सुलटी केली, आणि डोळे, छाती, सगळं एकदम लागलं. मिचकणं नाही, काही नाही. मी एकट्यानेच टाळी वाजवली. संध्याकाळी तिला दाखवायला म्हणून लावून ठेवले, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं, तिची चाहूल लागली, आणि मी काय केलं असेल? तार उपटली. ती आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आज कुठे अडलं, बाबा?" लग्न ठरल्यापासून ती घरी आली की फोन कानाला लावून सरळ खोलीत जायची, जेवतानाही मान वर नसायची. आता रोज तास-दीड तास माझ्याजवळ बसते, बोलते. तेव्हापासून मी रोज दुपारी एकदा लावून बघतो आणि ती यायच्या आधी एखादा जोड सैल करतो. ती छातीत शोधते तेव्हा दोष पायात असतो. सुपारीची नवरानवरी आली की ती म्हणेल, राहू दे बाबा, झालं की काम. मार्गशीर्षात ती जाणारच आहे, त्याला माझी ना नाही. लग्नाच्या दिवशी जगदाळे लागतील, शब्द देतो. पण तोवर बसू दे तिला. मला फार जड जातंय गं.

ता. क. शेवटचा – अरुणाला यातलं काही कळू देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण काल पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो तो तिथेच अडकलो, आणि रस्त्यात आठवलं की दुपारी जगदाळे लावून पाहिले ते तसेच राहिले, जोड सैल केलाच नाही. घरी पोचलो तर स्वरूपा माझ्या आधी आलेली. म्हटलं, संपलं. आत गेलो तर ती त्यांना उताणं पाडून, तोंडात टॉर्च धरून पोटरीतल्या तारा चाचपत होती. "बाबा, या ना लवकर, आज तर काहीच लागत नाहीये." मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अरुणा कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "बसा तुम्ही दोघं, जेवायला अजून वेळ आहे."